तळ दाखवणारा गॉगल

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

बँकेने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटात कोरी पडून होती. आज काढली, कारण एक काम अंगावर घेतलंय आणि ते नीट करायचंय. कोर्टातल्या नोकरीमुळे लिहिल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

दुपारी तेजलचा फोन आला. तेजल म्हणजे खालच्या मजल्यावरच्या कुंडलिकची मुलगी, हैदराबादला नोकरीला असते. कुंडलिक या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतोय. आयुष्यभर बस चालवली त्याने. दसऱ्यानंतर उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने बजावलंय की उन्हाला आणि पाण्यावरच्या चमकेला जपा. तेजल म्हणाली, "काका, बाबा मासे पकडायला गेल्याशिवाय राहणार नाहीत आणि स्वतःसाठी चांगला गॉगल जन्मात घेणार नाहीत. तुम्ही निवडा ना. सगळ्यात चांगला. पैसे मी पाठवते." मी म्हटलं, "तू निश्चिंत राहा गं."

आम्ही दोघं दर रविवारी दिंडोशीहून स्कूटरने मढला जातो आणि खडकावर बसून गळ टाकतो. मी मूळचा देवगडचा. आजोबांची स्वतःची होडी होती असं घरात अजून अभिमानाने सांगतात. कुंडलिक परभणीकडचा, त्याने समुद्र पाहिला तोच नोकरीला लागल्यावर. आणि मासे लागतात त्याला. मला शेंगाळा लागला तरी तो वाट चुकलेला असतो. आमचा नियम असा की ज्याला काही लागेल त्यातलं अर्धं दुसऱ्याचं. वीस वर्षं हा नियम चाललाय आणि वीस वर्षं तो माझ्याच फायद्याचा आहे. घरी बायकोला, जानकीला, मी अर्थात असं सांगत नाही. तिच्या लेखी तो अर्धा मासा मी पकडलेला असतो आणि उरलेला अर्धा मी मोठ्या मनाने कुंडलिकला दिलेला असतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गॉगल निवडणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. कोर्टातून सुटल्यावर गोरेगाव पश्चिमेला तीन दुकानं पालथी घातली. दोघांनी नुसते फॅशनचे दाखवले. तिसऱ्या दुकानातल्या मधुवंतीबाईंना या विषयातलं कळत होतं. त्या म्हणाल्या, काळी काच म्हणजे चांगली काच नव्हे. नुसती काळी काच लावली तर डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उन्हातली घातक किरणं उलट जास्त आत जातात. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तर ते फारच वाईट. पाण्यासाठी पोलराइज्ड काच हवी. ती पाण्यावरची चमक कापते, मग खालचं दिसतं. खोल समुद्राला राखाडी, खाडीच्या गढूळ पाण्याला तपकिरी. बाजूने ऊन शिरू नये म्हणून दांड्या रुंद हव्यात. आणि हलका हवा, नाहीतर घामाने नाकावरून घसरतो.

त्यांनी एक कार्ड पुढे केलं. साध्या डोळ्याने कोरं दिसतं. गॉगल लावून पाहिलं तर त्यात मासा उमटला. मी तीनदा लावून काढून पाहिलं.

तपकिरी काचेचा, रुंद दांड्यांचा एकच नग होता. घेतला. तेजलला फोटो पाठवला. तिने हात जोडल्याची चित्रं पाठवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरने परवानगी दिली नाही म्हणून कुंडलिक आज आला नाही. मी एकटाच गेलो. गॉगल बरोबर नेला. एखादी वस्तू भेट द्यायची तर ती खरंच काम करते का हे बघायला नको का? त्यासाठीच नेला.

भांगाचे दिवस, भरती-ओहोटीला जोर नाही, त्यामुळे पाणी बऱ्यापैकी शांत आणि नितळ होतं. गॉगल लावला आणि समुद्राचं झाकण निघालं. वीस वर्षं मी ज्या पाण्याकडे बघतोय त्याच्या खाली एवढं सगळं होतं, हे मला माहीतच नव्हतं. दगडांच्या कपारी, शेवाळ, रेतीचा पट्टा, आणि त्या पट्ट्यावरून एका रांगेत पोहत निघालेल्या बोया. मी गळ कुठेतरी भिरकावत असे, आज बघून टाकला. थोड्या वेळाने एक चांगला हातभर पालू लागला. माझा. माझ्या हाताने.

घरी आणला तेव्हा जानकी म्हणाली, "आज अख्खो मासो? कुंडलिकभावजींक अर्धो दिलास नाय?" मी म्हटलं, तो आलाच नव्हता. तसं पाहिलं तर नियमात येणं-न येणं असं काही नाहीये. एकदा मला ताप होता तेव्हा त्याने अर्धा जिताडा वर आणून दिला होता. पण हे मला जेवून झाल्यावर आठवलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जिन्यात कुंडलिक भेटला. "काल गेला होतास का रे?" मी म्हटलं, "छे, तुझ्याशिवाय कुठला जाऊ?" त्याला बरं वाटलं. मला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मधुवंतीबाईंकडे जाऊन आलो. माझ्यासाठी तसलाच दुसरा हवा म्हटलं. त्या म्हणाल्या, माल महिन्याभरात येईल, नक्की सांगता येत नाही. दुसऱ्या कुठल्या आकाराचा घ्या, म्हणाल्या. पण माझ्या नाकावर हाच बसलाय.

घरी येऊन विचार केला. कुंडलिकला गॉगलमधलं काय कळणार? त्याला मासे तसेही लागतात. डोळ्यांनी न बघता लागतात. खरी गरज ज्याला दिसत नाही त्याला असते. हे लिहिताना बरोबर वाटलं, वाचताना वाटत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे केलं ते लिहून ठेवतो.

गोरेगाव स्टेशनबाहेर फुटपाथवर हुबेहूब तसलाच गॉगल मिळाला. तीच तपकिरी काच, त्याच रुंद दांड्या. हातात घेतला तर जरासा जड, बिजागरी सैल. विकणाऱ्याला विचारलं, पोलराइज्ड आहे का? तो म्हणाला, "सब है साहब." घेतला.

माझा बेत असा आहे. रविवारी निवृत्तीच्या दिवशी हा द्यायचा. महिन्याभरात माल आला की दुसरा खरा घ्यायचा आणि गुपचूप बदलायचा. म्हणजे कुंडलिकचं नुकसान फक्त महिन्याचं. यात चोरी कुठे आहे? उसनवारी आहे. आणि बाहुली मोठी होते वगैरे दुकानदार बोलतातच, त्यांना माल विकायचा असतो.

३० नोव्हेंबर, रविवार

कुंडलिकच्या घरी संध्याकाळी मंडळी जमली होती. डेपोतले चार-पाच जण, आमच्या मजल्यावरचे सगळे. त्यांच्याकडे कुठलंही कार्य असो, सुरुवात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे वंदनेने होते, मग सगळे उभे राहून पंचशील म्हणतात. इतक्या वर्षांच्या शेजारामुळे मलाही पाठ झालंय आणि मी दरवेळी हात जोडून म्हणतो. आजही म्हणत होतो. पहिलं झालं. दुसऱ्याचा अर्थ असा की जे मला दिलेलं नाही ते मी घेणार नाही. माझ्या शर्टाच्या खिशात खरा गॉगल होता, घरी जानकीच्या हाती लागू नये म्हणून बरोबर ठेवलेला. दुसऱ्या शीलाला माझा आवाज बसला. शेजारी उभ्या असलेल्या कुंडलिकने माझ्याकडे बघून पाण्याचा ग्लास पुढे केला.

नंतर मी गॉगल दिला. डबी खरी, पुसायचं फडकं खरं, आतला माल फुटपाथवरचा. कुंडलिकने तो लावून सगळ्यांना दाखवला. डेपोतले म्हणाले, हिरो दिसतोस. त्याच्या बायकोने, द्रौपदीवहिनींनी, तर निळ्या लोकरीची गोफासारखी दोरी आधीच विणून ठेवली होती, पाण्यात पडू नये म्हणून. ती त्यांनी दोन्ही दांड्यांना बांधली. बांधताना त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही होता म्हणून. नाहीतर या माणसाला कोण घेऊन देणार?"

तेजल व्हिडिओवर होती. ती वडिलांना काहीतरी समजावत होती आणि कुंडलिक गॉगल लावून आपला मोबाईल उभा-आडवा, उभा-आडवा करत होता. फोटो नीट येत नसावा. मग तो थोडा थांबला आणि तिला म्हणाला, "हो गं, बरोबर आहे. एक नंबर." मी खिरीची वाटी घेऊन गॅलरीत गेलो.

२ डिसेंबर, मंगळवार

कोर्टात साक्षीदाराला शपथ द्यायचं काम माझं. खरं सांगेन, खरं तेच सांगेन, हे मी दिवसातून कितीदा तरी म्हणतो आणि समोरचा माझ्यामागे म्हणतो. आज एक म्हातारी अडखळली, "साहेब, परत सांगा." परत सांगताना मीच विसरलो. सगळे हसले.

७ डिसेंबर, रविवार

डॉक्टरने सोडलं, म्हणून आज दोघं गेलो. मी खरा गॉगल लावला आणि कुंडलिकला सांगितलं की मला तुझा आवडला म्हणून स्टेशनवरून तसलाच साधा घेतला. तो "बरं केलंस" म्हणाला.

मला दोन मासे लागले, त्याला एकही नाही. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तो सारखा उजवा डोळा पुसत होता. मी विचारलं तर म्हणाला, "वारं आहे." वारं नव्हतं.

एक नवीन भानगड झालीय. माझा मोबाईल बिघडलाय. माशांचा फोटो काढायला आडवा धरला की पडदा काळा पडतो, उभा धरला की येतो. मी वैतागून कुंडलिकला दाखवला. त्याने आपल्या गॉगलमधून बघितलं. "मला तर दोन्हीकडून दिसतोय," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिला. म्हणालो, "काय रे?" तो म्हणाला, "काही नाही. दुकानात दाखव."

मासे अर्धे अर्धे केले. त्याने मोठा मला दिला. म्हणाला, तुझा पराक्रम आहे, खा.

९ डिसेंबर, मंगळवार

जोगेश्वरीला मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याने आडवा-उभा-तिरका सगळा धरून पाहिला, मीही पाहिला. ठणठणीत. तो म्हणाला, "अंकल, फोन बरोबर है. आँख दिखाओ." एवढं बोलून घ्यायला जोगेश्वरीपर्यंत गेलो.

१४ डिसेंबर, रविवार

कुंडलिक पडला. उजवा हात मनगटात मोडलाय.

१५ डिसेंबर, सोमवार

रजा टाकली. काल पुढे लिहवलं नाही, आज लिहितो.

ओहोटी होती. पुढच्या खडकाच्या पलीकडे मला बोयांचा थवा स्पष्ट दिसत होता. मी उड्या मारत तिकडे गेलो आणि त्याला हाक मारली, "इकडे ये, इथे आहेत सगळ्या." मध्ये पाण्याचा एक पट्टा होता, त्यात एक सपाट दगड, पाण्याखाली जेमतेम वीतभर. मी म्हटलं, "त्या दगडावर पाय टाक." तो म्हणाला, "कुठल्या? मला तर नुसतं चमचमतंय." मी म्हटलं, "अरे तो काय समोर, टाक बिनधास्त." त्याने टाकला. माझ्या शब्दावर टाकला. पाय दगडाच्या बाजूला शेवाळावर पडला आणि तो हातावर आला.

मला दिसत होतं आणि त्याला दिसत नव्हतं. का दिसत नव्हतं हे जगात फक्त मला माहीत होतं आणि तरी मी म्हटलं, बिनधास्त.

हॉस्पिटलात द्रौपदीवहिनी आल्या. मला वाटलं विचारतील. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बरोबर होता म्हणून बरं झालं." मी त्याच्या चपला हातात धरून बसलो होतो. शेवाळ वाळून त्यांना चिकटलं होतं. प्लॅस्टर घालून झाल्यावर कुंडलिक बाहेर आला, माझ्याशी बोलला नाही. दुखत असेल.

२० डिसेंबर, शनिवार

मधुवंतीबाईंकडे माल अजून नाही. आता वाट बघायची नाही असं ठरवलं. संध्याकाळी खाली गेलो. कुंडलिक आत झोपला होता, वहिनी चहा टाकायला गेल्या. टीव्हीशेजारी डबी होती. उघडली. फुटपाथवरचा तो गॉगल फडक्यात गुंडाळून जपून ठेवला होता, काचेवर एक बोट उमटलेलं नाही.

अदलाबदल करायची तर निळी दोरी सोडून माझ्याकडच्या गॉगलला बांधायला हवी होती. वहिनींच्या गाठी बारीक, सुटता सुटेनात. मला एकच गाठ येते, गळाची. ती बांधली. डबी मिटली. चहा आला तेव्हा मी टीव्हीवरच्या बातम्या बघत होतो.

झालं. ज्याचं त्याच्याकडे गेलं. कोणाला काही कळलं नाही. आता मला झोप यायला हवी.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

डायरी संपली म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. झोप येत नाही. मासे खाणं सोडलंय. जानकीने विचारलं, "तुमका झाला तरी काय?" मला खरं तर दुसरंच सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं की इतकी वर्षं आणतो ते मासे माझे नसतात, कुंडलिकचे असतात.

ती म्हणाली, "माका म्हायत असा. द्रौपदीन पयल्याच वर्सा सांगितल्यान." आणि भाकरी थापायला लागली.

२५ जानेवारी, रविवार

प्लॅस्टर निघालं. काल रात्री कुंडलिकने जिन्यातून हाक मारली, "उद्या जायचं का?" सकाळी गेलो. पुढच्या खडकांवर गेलोच नाही, अलीकडेच कोरड्या दगडावर बसलो. त्याने डबी उघडली. गॉगल लावण्याआधी निळ्या दोरीच्या गाठीवरून अंगठा फिरवला. मी कोळंबी गळाला लावत बसलो.

त्याने गॉगल लावला आणि पाण्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"आयला," तो हळूच म्हणाला. "तळ दिसतो की रे."

त्याने खिशातून मोबाईल काढला, समोर उभा धरला. मग आडवा केला.

"काळा झाला," तो म्हणाला.

"काय?"

"मोबाईल. तेजलनं त्या दिवशी सांगितलं होतं, बाबा, काच खरी असंल तर मोबाईल आडवा धरल्यावर काळा पडतो. माझ्यात पडला नव्हता. मला वाटलं दुकानदारानं तुला फसवलं. मग त्या रविवारी तुझा पडला."

मोबाईल बिघडला नव्हता. मी तो दुकानात गॉगल काढून दाखवला होता. एवढं डोक्यात यायला मला आजचा दिवस उजाडावा लागला. मी दगडाकडे बघत विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? वाटलं, आज नाही उद्या देशील आणून. आणि दिलास. पण हात मोडायच्या आधी दिला असतास तर बरं झालं असतं, सुबोध. लई राग आला होता मला. हॉस्पिटलात तुझं तोंड बघवत नव्हतं. वीस वर्षं मासा अर्धा करतोय आपण. मागितला असतास तर गॉगलपण केला असता. अर्धा तास तू, अर्धा तास मी. त्यात काय होतं?"

मी म्हटलं, "चुकलं माझं." एवढंच आलं. इतक्या दिवसांत मनात केवढं तरी जुळवलं होतं, त्यातलं काहीच आलं नाही.

"ते झालं," तो म्हणाला. "एक राहिलंय. पोरगी मला विचारत होती, बाबा, काळा पडला का? आणि मी पडला म्हटलं. आयुष्यात तिच्याशी खोटं बोललो नव्हतो. दुसरं शील तू मोडलंस. चौथं तुझ्यापायी मी मोडलं. माझं मी बघीन. पण तिला तू सांग."

"आत्ता?"

"आत्ता. उद्या म्हणशील तर परत महिना जाईल."

त्याने गॉगल काढला आणि माझ्या हातात दिला. "धर. आधी एकदा बघून घे. आता मी देतोय."

मी लावला. पाण्यावरची चमक गेली. रेतीचा पट्टा होता तिथेच होता, त्याच्यावरून बोया चालल्या होत्या. मी त्याला बोटाने दाखवायला गेलो. त्याने मान हलवली आणि माझ्या खिशातल्या मोबाईलकडे बघितलं.

मी गॉगल काढून त्याच्या मांडीवर ठेवला आणि तेजलला फोन लावला. रविवार सकाळ, झोपेत असेल असं वाटलं. दुसऱ्याच रिंगला तिने उचलला.

"बोला काका," ती म्हणाली.